आपला कचरा, आपली नांद

२०१८ सालची दिवाळी होऊन गेली होती. बांध्यांमध्ये धानाच्या कडपा पडल्या होत्या. वडशात झाडीपट्टीच्या नाटक मंडळांची धावपळ सुरू झाली होती. अशा एका संध्याकाळी आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाव किलो गांडुळे घेऊन घरी आलो.

आई ओसरीवर बसली होती. तिने विचारले, "काय आणलं रे बाप्पा?"

आमच्या मुलीने मोठ्या उत्साहाने सांगून टाकले, "आजी, गांडुळं! आता आपल्या घरचा कचरा ती खाणार."

आई काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबासाहेबानं घाण काम सोडा म्हणून सांगतलं. तुमच्या आज्यानं सोडलं. अन् तुम्ही आता घाण घरात आणून पाळता का?"

आम्ही निरुत्तर झालो. गांडूळखत कसे करावे हे आम्ही दोन-चार ठिकाणी विचारून आलो होतो, पण या प्रश्नाचे उत्तर कोणी सांगितले नव्हते. ते सापडायला आम्हाला सव्वा वर्ष लागले. त्या सव्वा वर्षाची ही हकीकत आहे.

आमचे घर तसे साधेच. आमच्यातला एक राइस मिलमध्ये कामाला आहे, दुसरी घरी शिवणाची मशीन चालवते. दोन मुले आणि आई. घरामागे छोटी सांदवाडी आहे. तीत वांगी, भेदरे, वालाच्या शेंगा आणि सांबार होतो. पूर्वी दारात गाय होती, तेव्हा भाजीचे देठ, साली तिच्यापुढे जात. गाय गेली आणि कचरा प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून बाहेर जाऊ लागला. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र असल्याचे लिहिले होते. तिने विचारले, "मग आपण त्याला पाळत का नाही?" तिच्या एवढ्याशा प्रश्नामुळे आम्ही ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गेलो आणि त्याच्या खताच्या हौदातून ती पाव किलो गांडुळे घेऊन आलो.

आईचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. १९५६ साली ती दहा वर्षांची होती. १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा ती बापाचे बोट धरून छोट्या लाइनच्या गाडीने वडशाहून चांद्याला गेली होती. तिच्या बापाच्या आधीच्या पिढीला गावातली मेलेली जनावरे ओढावी लागत. गावाचा उकिरडा, गावाची घाण हे सगळे आपल्याच माणसांच्या वाट्याला यायचे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेले जनावर ओढणे आणि मृत मांस खाणे सोडायला सांगितले. तो निरोप गावोगाव पोचला आणि लोकांनी उपाशी राहून ते काम सोडले. ज्यांनी हे भोगले त्यांच्या लेकीला घरातला कचऱ्याचा टब पाहून काय वाटले असेल, हे आपण समजू शकतो.

पहिली चूक, दुसरी चूक

आम्ही सुरुवात केली ती जुन्या निळ्या प्लॅस्टिकच्या टबापासून. तापवलेल्या खिळ्याने त्याला तळाशी भोके पाडली, आत भिजवलेली तणस घातली, वर गांडुळे सोडली आणि टब टिनाच्या छपरीखाली ठेवला. मग घरातले जे उरेल ते त्यात पडू लागले. रात्रीचे वरण-भात, लिंबाच्या साली, भज्यांचा चुरा, वर ताजे शेण! आठ दिवसांत टबाला आंबूस घाण वास सुटला. चिलटे जमली. गांडुळे बिचारी टबाच्या कडेने वर चढून बाहेर पडू पाहत होती. आई काही बोलत नव्हती, पण तिचे न बोलणेच आम्हाला ऐकू येत होते.

एका कृषी सहायकांनी आम्हाला हिशेब समजावून दिला. गांडुळाला सगळे मानवले तर ते दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मे अन्न खाते. म्हणजे पाव किलो गांडुळांना रोज फार तर अर्धा पाव. आम्ही घालत होतो रोजचा अर्धा किलो! उरलेले सडणार नाही तर काय होणार? ताजे शेण तर सडताना गरम होते, त्यात गांडूळ भाजून निघते. आम्ही अर्धाअधिक कचरा काढून टाकला, कोरडी तणस मिसळली आणि आठवडाभर काहीच घातले नाही. वास गेला. फेब्रुवारीत पहिले टोपलेभर खत निघाले. चहाच्या पत्तीसारखे काळे, मोकळे, आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. आम्हाला वाटले, जिंकलो!

पण मे महिना यायचा होता. आपल्या भागातला उन्हाळा कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. शेजारच्या ब्रह्मपुरीचे नाव उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येते. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कचरा खाणाऱ्या गांडुळाला मात्र १५ ते २५ अंश मानवतात. आत ३५ अंशांच्या वर गेले की त्याचे जगणे कठीण. त्या मे महिन्यात, २०१९ साली, आम्ही चार दिवस एका लग्नाला गेलो. परत येऊन टब उघडला. वर टिन, खाली प्लॅस्टिक, आतले पाणी आटलेले. एकही गांडूळ जिवंत नव्हते.

मुलगी रडू लागली. आई पहिल्यांदाच त्या टबाजवळ आली. आत पाहून म्हणाली, "एवढे जीव मारले ना रे."

रोज वंदनेत पहिले शील म्हणणारी माणसे आम्ही! ते शब्द फार लागले. पुढच्या पौर्णिमेला विहारात आलेल्या भन्तेजींना आम्ही मोकळेपणाने विचारले. ते म्हणाले, "तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत सांगितले आहे. मारायचे म्हणून मारणे आणि निष्काळजीपणाने मरू देणे एक नाही. पण तीच चूक दुसऱ्यांदा केली, तर मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही." त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. विनयात भिक्खूला जमीन खणायला मनाई आहे, कारण त्या काळचे लोक मातीत जीव आहे असे मानत. पावसाळ्यात भिक्खू फिरत, तेव्हा कोवळी रोपे आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून वर्षावास सुरू झाला. वर्षावासाचे हे कारण आम्ही पूर्वी ऐकले होते, पण त्यातले बारीक जीव म्हणजे कोण याचा विचार कधी केला नव्हता.

आम्ही ठरवले की पुन्हा करायचे तर नीट, नाही तर करायचेच नाही.

आईची नांद

गंमत अशी की वाट आईनेच दाखवली. एक दिवस ती आपणहून म्हणाली, "प्लॅस्टिकात काय जगन? माठातलं पाणी थंडं कायले राहते, इतकंही तुम्हाले समजत नाही का?"

गाईला पाणी पाजायची जुनी मातीची नांद विहिरीजवळ पडून होती. कड फुटलेली, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. कच्च्या मातीच्या भांड्यातून पाणी बाहेर झिरपते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. माठाचे तेच नांदीचे. आईने नांद दाखवली, पण हात लावला नाही. "मी नाही शिवणार," असे स्पष्ट सांगितले. आम्हीही आग्रह केला नाही.

आषाढी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली. ती पद्धत सविस्तर सांगतो, कारण ज्यांना करायचे आहे त्यांना आमच्या चुका पुन्हा करायची गरज नाही.

नांदीच्या तळाला पाणी जायला एक भोक ठेवावे आणि खाली जुनी वाटी ठेवावी. नांद मुनग्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत, चार विटांवर ठेवावी. प्रत्येक वीट पाण्याच्या परळात ठेवली की मुंग्या चढत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी ते पाणी बदलावे, नाही तर डास होतात. तळाशी दोन बोटे विटांचे तुकडे आणि रेती. त्यावर गोणपाटाचा तुकडा. त्यावर रात्रभर भिजवून पिळलेली, बारीक तोडलेली तणस वीतभर. त्यावर पंधरा-वीस दिवसांचे जुने, थंड झालेले शेण आणि ओंजळभर बागेतली माती. मग गांडुळे वर ठेवावी. ती आपोआप खाली जातात, कारण त्यांना उजेड सोसत नाही. वरून ओले गोणपाट आणि बांबूचे झाकण. झाकण विसरू नका! शेजारच्या कोंबड्या आमच्यापेक्षा हुशार निघाल्या होत्या.

पहिला आठवडा काही घालू नये. नंतर रोज थोडे, बारीक चिरून, नांदीच्या एकाच कोपऱ्यात पुरावे. दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा. चार कोपरे फिरून पहिल्यावर आलो आणि तिथले अन्न तसेच असेल, तर त्या दिवशी उपवास. मूठभर ओले घातले की मूठभर कोरडे, म्हणजे तणस किंवा पालापाचोळा, वर घालावे.

भाजीचे देठ, फळांच्या साली, धुतलेली चहापत्ती, कुटलेली अंड्याची टरफले, विहारातली सुकलेली फुले, पळसाच्या पानांच्या पत्रावळीचे तुकडे, हे सगळे चालते. १४ एप्रिलनंतर हारांचा ढीग पडतो. दोरा काढून तो थोडा थोडा घालावा. मीठ, तिखट-मसाला, तेल, दूध, मासोळीचे काटे, हाडे घालू नयेत. लिंबाच्या साली अगदी थोड्या. आपण भात खाणारी माणसे, म्हणून मुद्दाम सांगतो की पेज आणि उरलेला भात नांदीत ओतू नका, आंबते. आणि ज्यांना खर्रा खायची सवय आहे त्यांनी त्याची थुंकी आणि पन्नी दूर ठेवावी. तंबाखू गांडुळाला विष आहे. माणसालाही आहे, पण गांडुळाला ते निवडता येत नाही!

ओल किती असावी? मूठभर घेऊन दाबावे. एक-दोन थेंब निघाले तर बरोबर. धार लागली तर जास्त. काहीच निघाले नाही तर कमी. गांडुळाला फुप्फुस नसते, ते ओल्या कातडीने श्वास घेते. कातडी सुकली की गुदमरते, आणि पाण्यात बुडून राहिले तर हवा मिळत नाही. दात नसतात, म्हणून पोटातल्या एका पिशवीत रेतीच्या कणांनी अन्न दळते. तळाच्या रेतीचा आणि टरफलांचा उपयोग इथे होतो. वास आला की खाणे बंद करून कोरडे मिसळावे. मुंग्या झाल्या तर आत कोरडे पडले आहे असे समजावे. उन्हाळ्यात नांदीभोवती गोणपाट गुंडाळून ते दिवसातून दोन-तीनदा भिजवावे. गावाला जायचे असेल तर शेजाऱ्यांना सांगून जावे. २०२० पासूनच्या प्रत्येक मे महिन्यात आमची गांडुळे याच उपायावर जगली आहेत.

अडीच-तीन महिन्यांनी खत तयार होते. मग दोन-तीन आठवडे एकाच बाजूला अन्न घालावे. गांडुळे तिकडे जमतात, दुसऱ्या बाजूचे खत काढून घ्यावे. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी, लिंबाच्या आकाराची पिवळसर अंडी दिसतील, ती परत नांदीत टाकावी. त्यांतून सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले निघतात.

आमच्या नांदीतून तीन महिन्यांत आठ-दहा किलो खत निघते. त्याने चार वाफे छान होतात. पण याने धानाची शेती पिकेल असे आम्ही सांगणार नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते, या खतात एक-दोन टक्के. याचे काम माती भुसभुशीत करणे, ओल धरून ठेवणे आणि मातीतले जीव वाढवणे हे आहे. महाराष्ट्रात या विषयावर पुण्याच्या उदय भवाळकरांसारख्यांनी पुष्कळ काम केले. त्याच्या कितीतरी आधी डार्विन या शास्त्रज्ञाने आयुष्याच्या शेवटी, १८८१ साली, गांडुळांवर एक अख्खे पुस्तक लिहिले. तो घरात कुंड्यांमध्ये गांडुळे ठेवायचा. त्यांना ऐकू येते का हे पाहायला घरच्यांकडून त्यांच्यापुढे वाद्ये वाजवून घ्यायचा. त्यांना आवाज कळला नाही, पण कुंडी पियानोवर ठेवली तेव्हा थरथर कळली. आमच्या मुलाने नांदीजवळ ताशा वाजवून हा प्रयोग करायची परवानगी मागितली. आम्ही दिली नाही.

मावसबहिणीचा हात

आईने मात्र त्या नांदीकडे पाठच केली होती. त्या खतावरची वांगी ती खायची, पण झाकण तिने कधी उचलले नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत आमची मावसबहीण लग्नासाठी आली. ती एका मोठ्या शहरात कचरा वेचते. घरोघरचा कचरा गोळा करून त्यातले प्लॅस्टिक, कागद, पत्रा वेगळा करते आणि भंगारात विकते. त्यावर तिने दोन मुले शिकवली. जेवताना आईला तिच्या तळहातावर मोठा व्रण दिसला.

"हे काय झालं वो माय?"

ती म्हणाली, "कुणाच्या तरी पन्नीत फुटलेली ट्यूबलाइट होती मावशी. वरून सडलेली भाजी, भात. आत काय आहे दिसत नाही. हात तर घालाच लागते."

मग ती हात धुवायला मागे गेली आणि तिला नांद दिसली. आम्ही जरा संकोचलो. तिने झाकण उचलले, आत पाहिले, वास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "मावशी, असं घरोघरी असतं ना, तर आमच्या हातात फक्त सुकं आलं असतं. माया हात चिरला नसता."

आई काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र आम्ही पाहिले, ती चहाची पत्ती धुऊन हातात घेऊन नांदीजवळ उभी होती. झाकण तिनेच उचलले.

त्या रात्री आम्ही सगळे बराच वेळ बोलत बसलो. आईच्या सव्वा वर्षापूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर त्या बोलण्यातून आले, आणि ते असे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले की जातिव्यवस्था कामे वाटत नाही, ती काम करणारी माणसेच जन्मावरून वेगळी करते. आपल्या आजोबांची गुलामी कचऱ्याला हात लावण्यात नव्हती. एकाने घाण करायची आणि जन्माने ठरलेल्या दुसऱ्याने ती उचलायची, यात ती होती. आपल्या स्वयंपाकघरात झालेला कचरा आपणच आपल्या सांदवाडीत जिरवला, तर कोणी कोणाचा गुलाम होत नाही. उलट, आपण तो पन्नीत बांधून बाहेर ठेवतो, तेव्हा तो उचलायला शेवटी कोणाचा हात पुढे येतो? आपल्या मावसबहिणीचाच! आपण शिकलो, पक्के घर बांधले, घाण काम सोडले, आणि आपली घाण मात्र आपल्याच माणसांच्या हाती देऊ लागलो, हे आमच्या कधी लक्षातच आले नव्हते.

हे एकट्या आमच्या मावसबहिणीचे दुःख नाही. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' या कामातून कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना संघटित केले आणि खत करण्याचे शिक्षण दिले. जे हात उकिरड्यात चिरत होते, त्याच हातांना कौशल्य मिळाले की त्या कामाचा मोबदला आणि मान दोन्ही मागता येतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे प्रत्येकाची जबाबदारी ठरवली. नियम कागदावर असतो, तो पाळायचा तर सुरुवात चुलीजवळून करावी लागते.

ज्यांना नांद ठेवायला जागा नाही त्यांनी निदान दोन डबे ठेवावे. फुटलेली काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून वेगळे द्यावे. एवढ्यानेही एखादा हात वाचेल. ज्या वस्तीत विहार आहे, तिथे मागच्या बाजूला एक मोठी नांद किंवा विटांचा हौद बांधून पाच-दहा घरांनी मिळून ती चालवावी. गांडुळे कुठे मिळतील ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकांना विचारावे. सुरुवात पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात करावी. मे महिन्यात चुकूनही नको!

आज आईने ऐंशी गाठली आहे. गुडघे दुखतात, पण रोज संध्याकाळी नांदीला एक फेरी ठरलेली. मूठ दाबून ओल तीच पाहते, आम्हाला आता विचारत नाही. कोणी पाहुणे आले आणि नांदीकडे पाहून नाक मुरडू लागले, की ती त्यांना विचारते, "तुमच्या घरचा कचरा कोण उचलते जी?"

पाहुणे गप्प बसतात. आम्हीही एके काळी असेच गप्प बसलो होतो.

जयभीम!